रोजचा मंगळवार

मागून कचऱ्याची गाडी आली आणि तिनं असा काही भोंगा वाजवला, की समोरच्या छपरावरची कबुतरं फडफडत उडाली, सायकलवरच्या मुलीनं दचकून पाय खाली टेकला, एका बाईच्या हातातली पिशवी सुटून कांदे रस्ताभर झाले. आणि बाबा मात्र बागेत फिरायला आल्यासारखे रस्त्याच्या मधोमध, एक पाऊल उचललेलं, चेहऱ्यावर ते अलीकडचं मऊ, कुणासाठीच नसलेलं हसू. लेकीनं त्यांची बाही धरून जोरात ओढली. शिवण उसवली. गाडी त्यांच्या कोटाला वारा घालत निघून गेली आणि ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर येऊन ओरडला, "बहिरा आहेस का रे म्हाताऱ्या?" बाबांनी त्याला हात केला. ओळखीचं माणूस भेटल्यावर करतात तसा, छान, मनापासून. मग तिच्याकडे वळून म्हणाले, "अगं, बाही कशाला ओढतेस? फाडलीस ना!"

तिला वाटलं, आपण आता इथेच फतकल मारून बसणार. गाडीचं काही नाही, गाडी गेली. पण आत्ता, चहा निवायच्या आत, बाबा तिच्या खुर्चीत बसले होते आणि तिनं त्यांच्या पाठीमागे स्टीलच्या ट्रेमध्ये टाचणी टाकली होती. एक टाचणी. "पडली," बाबा म्हणाले होते, "आणि तुझ्या उजव्या चपलेचा तळ सुटत आलाय." तिचं कामच कानांचं. चष्म्याच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर तिचं श्रवणकेंद्र, आणि त्यातल्या आतल्या खोलीत, करड्या फोमनं मढवलेल्या भिंतींमध्ये, ती कानातली यंत्रं कॉम्प्युटरला वायरीनं जोडून ज्याच्या त्याच्या कानाच्या मापानं लावून द्यायची. शिंपी जसा कोट अंगावर घालून पाहतो तसं. बाबांचा कोट आज तिनं अगदी बेतून दिला होता. टाचणी ऐकू येणाऱ्या माणसाला भोंगा ऐकू येत नाही? मग आता उरतं काय? दादा म्हणतो तेच उरतं. दादा म्हणतो, "छोटे, मान्य कर. कान नाहीत, डोकं."

ती बाबांना घेऊन परत फिरली. बसस्टॉपवर सोडायचं होतं त्यांना, पण रस्ता ओलांडायचा तिला धीरच होईना. बाबांनी का म्हणून विचारलं नाही. हल्ली ते काही विचारतच नसत, आणि जिन्यावर त्यांच्यामागून चढताना, त्यांची उसवलेली बाही डोळ्यांसमोर झुलत असताना, तिला दादाचा परवाचा फोन पुन्हा पहिल्यापासून ऐकू यायला लागला. रविवारी येतो. गाडी घेऊन येतो. जागा चांगली आहे, समोर झाडं आहेत, प्रत्येकाला वेगळी खोली, नर्स आहे. कपडे थोडेच भर. बाबा जेवताना ताटाकडे बघत बसतात, विचारलं एक तर सांगतात भलतंच, पाहुण्यांच्या मधून उठून निघून जातात, परवा गॅस तसाच, शिट्टीवर शिट्टी, हे महाशय शेजारी पेपर वाचतायत! डॉक्टरांनी काय विचारलं पहिल्यांदा? कान कसे आहेत. आणि कोण म्हणालं कान उत्तम आहेत? तूच म्हणालीस. लिहून दिलंस. तिनं लिहून दिलं होतं, खरंच, सही-शिक्क्यासकट, कारण तिच्या खोलीत बाबांना सगळं ऐकू यायचं; आणि आपण केलेल्या कामाबद्दल खोटं कसं सांगायचं? तिच्या त्या खऱ्या सहीवरच डॉक्टरांनी पुढचं सगळं रचलं. कान चांगले आहेत, म्हणजे माणूस ऐकतो. ऐकतो आणि उत्तर देत नाही, म्हणजे... पुढचं कुणी तोंडानं म्हणत नव्हतं. हळू आवाजात, दाराआड, फोनवर, सगळे ते न म्हणता म्हणत होते.

"अरे, परत आलात?" घंटी म्हणाली. बाहेरच्या टेबलावर बसणाऱ्या, निवृत्तीला टेकलेल्या बाईंना सगळे घंटी म्हणत, कारण त्या हसल्या की दारावर कुणीतरी आल्यासारखं वाटायचं. "बाबांना आवडलेलं दिसतंय आमचं बाकडं. का हो बाबा?" बाबा म्हणाले, "मंगळवार." घंटी तिच्याकडे बघायला लागली. तिनं मान फिरवली. आज शुक्रवार होता. घंटीनं आवाज खाली आणला, आजाऱ्याच्या खोलीत आणतात तसा, आणि म्हणाली, "ताई, राहू देत त्यांना इथे. मी बघते. तुम्ही आत जाऊन पाणी प्या, तोंड बघा आरशात कसं झालंय."

मंगळवार. आत येऊन दार लावलं की या खोलीत जगाचा आवाज चाकूनं कापल्यासारखा तुटायचा. उरायचा तो जुन्या कॉम्प्युटरच्या पंख्याचा घुरघुराट, म्हाताऱ्या मांजरासारखा, मधूनच खोकणारा. आणि पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात तारीख: मार्चमधला एक मंगळवार, तोही हल्लीचा नव्हे. बाबांनी हे वाचलं होतं तर! खुर्चीत बसल्या बसल्या समोर दिसलं ते त्यांनी वाचलं, आणि घंटीचा प्रश्न न कळल्यामुळे जवळ होतं ते उत्तर देऊन टाकलं. तिला क्षणभर एवढं हलकं वाटलं की हसू फुटलं. आणि लगेच, हसता हसताच, तिनं ते मनात पुन्हा म्हणून पाहिलं. प्रश्न न कळल्यामुळे. बाकड्यापाशी न कळल्यामुळे. खुर्चीत नव्हे.

या तारखेची गोष्ट ती कुणाला सांगायची नाही. बाबांच्या आणि आणखी मूठभर लोकांच्या कानांत जी यंत्रं होती ती बनवणारी कंपनी केव्हाच गाशा गुंडाळून बसली होती. ती लावायचा प्रोग्राम एका जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवरच चालायचा; नव्या कॉम्प्युटरवर घातला की परक्या घरी रुसलेल्या पोरासारखा तोंडच उघडायचा नाही. म्हणून हे मशीन जपायचं. त्याचे सुटे भाग मिळायचे नाहीत, अपडेट यायचे नाहीत. जगात कुठेतरी बसलेली काही हौशी माणसं अशा जुन्या मशीनांसाठी ठिगळं शिवून फुकट वाटायची, ती खटपट्या शोधून आणायचा आणि लावायचा. खटपट्या म्हणजे खालच्या चौकातला कॉम्प्युटर दुरुस्त करणारा. त्याचं म्हणणं असं, की मशीन मरत नाही, माणसं त्याला सोडून जातात. गेल्या वर्षीच्या आधीचं वर्ष संपलं आणि प्रोग्रामची परवान्याची मुदतही संपली. नवीन मुदत द्यायला कंपनीच नाही. पडद्यावर एक चौकट यायची आणि सगळं मिटून जायचं. ती रडकुंडीला आली, तेव्हा खटपट्या बिस्किट चावत म्हणाला, "त्याला कुठं माहितीय वर्ष संपलंय? त्याला सांगू नका. मागची तारीख टाका, बसेल गप." शिवाय मशीनच्या पोटातली, घड्याळ चालू ठेवणारी बटणाएवढी बॅटरी मेलेली होती. त्यामुळे ते रोज सकाळी कोरं होऊन जागं व्हायचं आणि विचारायचं, आज तारीख काय? खटपट्या म्हणाला, बॅटरी बदलून देतो. ती म्हणाली, नंतर बघू. पुढच्या वेळीही नंतर बघू. रोज सकाळी पर्स खुंटीला लावली की ती मशीनला सांगायची, आज मार्चमधला तो मंगळवार आहे. आणि मशीन म्हणायचं, बरं. घंटी चेष्टा करायची, "ताईंच्या खोलीत रोज मंगळवारच. शनिवार यायचाच नाही, मग सुट्टी कुठून मिळणार?"

कुठलीही जुनी तारीख चालली असती. तिनं तीच का टाकली, हे खटपट्याला कळायचं कारण नव्हतं. त्या मंगळवारी ती डबा घरी विसरली होती आणि आई तो घेऊन आली होती, जिना चढून धापा टाकत, आणि याच खोलीत, याच खुर्चीत टेकून म्हणाली होती, "काय गं ही शांतता! माझ्या पोटात काय गुरगुरतंय तेही ऐकू येतंय. माणसानं इथे खोटं बोलायचं म्हटलं तरी कठीण." मग दोघींनी त्याच डब्यातलं अर्धं अर्धं खाल्लं. झालं. एवढंच. फोटो नाही, वाढदिवस नाही. पण रोज सकाळी ती तारीख टाकली की पंखा घुरघुरायला लागायचा, पडदा उजळायचा, आणि जगात निदान एक तरी वस्तू अशी होती जिला आई गेल्याचं माहीत नव्हतं. याला वेडेपणा म्हणा हवं तर. दादा घरातल्या भिंतींना रंग देऊन मोकळा झाला, बाबा गप्प झाले, तिनं मंगळवार ठेवून घेतला. ज्याला जे परवडलं ते.

तिनं दार उघडलं. "बाबा, जरा कानांतली मशीनं काढून द्या." बाबांनी हसून मान हलवली आणि जागेवरच बसून राहिले. ती जवळ गेली, त्यांच्या कानांमागून दोन्ही यंत्रं उचलली. दोन कोमट बिया हातात घेतल्यासारखं वाटलं. आत येऊन तपासणीची नळी स्वतःच्या कानाला लावली, दुसरं टोक यंत्राला. आणि स्वतःशी बोलली, साधंच, "एक, दोन, तीन." तिचा आवाज तिला आला तो तळघरातून आल्यासारखा, गोधडीखालून आल्यासारखा. कुणीतरी फार सांभाळून, दाराबाहेर बोलत असल्यासारखा. असं कसं? वायर जोडली. प्रोग्राममध्ये आजचंच सेटिंग होतं, सकाळचं, तिच्या हातचं. ते यंत्रात टाकलं आणि "एक" म्हणाली तर कानठळ्या बसल्या. म्हणजे यंत्र ठीक. मग सहज, खरोखर सहजच, तिनं वायर काढली. "दोन," ती म्हणाली. तळघर. वायर जोडली, सेटिंग टाकलं: उजेड. वायर काढली: गोधडी.

तिचे हात थांबले आणि कान मात्र भलतीकडेच धावत सुटले. हीच जुनी यंत्रं लावणाऱ्या शिंपीणकाकूंचा आवाज ऐकू आला, सुई दातांत धरून बोलल्यासारखा: "तुझ्या खोलीत छान ऐकू येतं गं, जिना उतरले की गेलं. जादू आहे का काय तुझ्या खोलीत?" आणि ती काय म्हणाली होती? हसून, त्यांच्या हातावर हात ठेवून, पुस्तकात लिहिलेलं आणि हजारदा खरं ठरलेलं उत्तर तिनं दिलं होतं. "इथे शांतता असते ना काकू. बाहेर गोंगाट. मेंदूला वेळ द्या, सवय होईल." जगातला कान तपासणारा प्रत्येक माणूस हेच सांगतो. काकू पुन्हा आल्या, पुन्हा सवय होईल. तिसऱ्यांदा आल्याच नाहीत. काकूंनी शिवणकाम बंद केलं, गिऱ्हाईकांशी भांडणं व्हायला लागली म्हणे, मापं चुकायला लागली. घंटीनं सांगितलं तेव्हा ती म्हणाली होती, वय झालं हो. वय झालं. मेंदूला वेळ द्या. दारातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येकाच्या पाठीवर तिनं हे वाक्य थोपटलं होतं.

तिनं बाबांची सगळी सेटिंग्ज पडद्यावर उघडली. सर्वांत वर होतं नोव्हेंबरमधलं. तिच्या मंगळवाराच्याच वर्षातला नोव्हेंबर. त्याखाली मार्च, मार्च, मार्च, वर्षभर केलेली तिची सगळी मेहनत, एकाच मंगळवाराच्या पोटात दाटीवाटीनं कोंबलेली. आणि मग तिला ते इतकं स्वच्छ दिसलं की खोलीतली शांतता अंगावर आली. वायर काढताना प्रोग्राम इमानदारीनं एक काम करायचा, वर्षानुवर्षं करत आलेला: सर्वांत ताज्या तारखेचं सेटिंग यंत्रात भरून द्यायचा. चुकून कुणी अर्धवट काही ठेवलं तर माणूस जुन्या कानांनिशी घरी जाऊ नये म्हणून. घड्याळ खरं चालत होतं तोवर ताजं ते ताजंच असायचं. ती मार्चमध्ये राहायला गेली, आणि तिच्या मार्चपेक्षा नोव्हेंबर ताजा.

आणि नोव्हेंबरमधलं सेटिंग कसलं, हे आठवायला तिला पडदा बघावा लागला नाही. तेव्हा आई हॉस्पिटलमध्ये होती. बाबा दिवसभर पलंगाशेजारच्या लोखंडी खुर्चीत, आणि ढकलगाड्या, आदळणारी दारं, पलीकडच्या बाईचं कण्हणं, ते सतत टीं टीं करणारं यंत्र. एका दुपारी ते इथे आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "बबडे, कमी कर. सगळं फार ऐकू येतंय." तिनं कमी केलं. "अजून." अजून कमी केलं. इतकं, की फक्त तोंड कानाशी नेऊन बोललं तरच पोचावं. आई तसंच बोलायची त्या दिवसांत. महिना संपता संपता आई गेली. पुढे ती सगळं सावरायला लागली, घर, कागद, कामं, आणि बाबांचा आवाज तिनं पुन्हा वाढवला, प्रेमानं, काळजीपूर्वक, पुन्हापुन्हा. आणि वर्षभर दर वेळी, वायर काढताना, बाबांना उचलून परत त्या वॉर्डात नेऊन बसवलं. सगळं घर त्यांच्याभोवती बोलत होतं, हसत होतं, त्यांचं पुढं काय करायचं ते ठरवत होतं, आणि ते त्या लोखंडी खुर्चीत, कुणीतरी कानाशी तोंड आणेल म्हणून वाट बघत.

नोव्हेंबर पुसून टाकायचा तर तोही रस्ता बंद होता. त्या प्रोग्राममधून माणसाचं जुनं सेटिंग पुसता येत नसे, कुणी मुद्दाम पुसू नये म्हणूनच. उपाय उरला तो एवढासा, हास्यास्पद वाटेल इतका. नोव्हेंबरच्या पुढची आणि मुदत संपायच्या आधीची तारीख टाकायची. डिसेंबर. तिनं तारखेवर बोट ठेवलं आणि बोट तिथेच राहिलं. मशीन घुरघुरत होतं, विश्वासानं. डिसेंबर म्हणजे आईचे कपडे बांधलेला महिना. डिसेंबर म्हणजे एक चमचा कमी. शिवाय डिसेंबर संपणारा. मार्चसारखा तो रोज रोज वापरता येणार नव्हता, माणूस पुन्हा आला की दर खेपेला एकेक दिवस पुढे सरकावं लागणार होतं, नाहीतर त्यातलं ताजं कुठलं ते प्रोग्रामला कळणार नव्हतं, आणि शेवटच्या दिवसानंतर भिंत. मग नवी यंत्रं, नवे आवाज, म्हाताऱ्या कानांना नव्यानं सगळं शिकवणं; बाबांना ते जमेल का, काकूंना जमेल का, देव जाणे. तिनं डोळे मिटले नाहीत. मिटावेसे वाटत होते. डिसेंबरची एक तारीख टाकली. मशीन म्हणालं, बरं. ते नेहमीच बरं म्हणायचं, मेलं.

"बाबा, आत या," असं तिनं म्हटलंच नाही. जाऊन त्यांचा हात धरला आणि आणून खुर्चीत बसवलं. दार लावायचं राहिलं. यंत्रं कानांमागे चढवली, वायरी जोडल्या, सेटिंग डिसेंबरच्या तारखेनं टाकलं. बाबांचा चेहरा सावकाश, आतून दिवा मोठा केल्यासारखा, तिच्याकडे वळला. "हां," ते म्हणाले. "इथे बरं असतं."

"बाबा, घरी कसं असतं?"

"घरी?" त्यांनी गुडघ्यावरचा न दिसणारा धागा झटकला. "घरी तुम्ही सगळे हळू बोलता. मी म्हटलं असेल काहीतरी, मला सांगायचं नसेल. आजारी माणसासमोर बोलतात ना, तसं. म्हणून मी विचारत नाही. उगाच कशाला तुम्हाला अवघड." मग, "बॅग बघितली मी. माझा निळा स्वेटर नाही घातलास त्यात. कुठे जायचंय तिथे थंडी नसते का?"

तिचा एक हात यंत्राच्या वायरीवर होता. ती काढली पाहिजे होती. काढल्याशिवाय काहीच कळणार नव्हतं, आणि काढून जर पुन्हा ते मऊ हसू आलं तर? डिसेंबरही जर थापच ठरला तर? बोटं वळेनात. तेवढ्यात टेबलावरचा फोन थरथरत सरकायला लागला. दादा. ती उठली, फोन कानाला लावला, खिडकीकडे वळली.

"छोटे, रविवारचं पक्कं ना? मी त्या लोकांना कळवतोय. बॅग झाली का?"

"दादा, नाही न्यायचं त्यांना."

"काय? मी रस्त्यावर आहे, ट्रक चाललेत. मोठ्यानं बोल."

"नाही न्यायचं म्हटलं! डोकं ठीक आहे त्यांचं!"

"अगं पुन्हा तेच! कान ठीक आहेत म्हणून तूच लिहून—"

"चुकलं ते!" ती ओरडली. बाहेर घंटीची खुर्ची करकरली. "कान ठीक नव्हते, मी बिघडवले! वर्षभर मी बिघडवले, दादा! त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं! मी पुन्हा लिहून देते, डॉक्टरांना देते, वाटलं तर चौकात उभी राहून सांगते, पण रविवारी तू गाडी आणू नकोस, आणलीस तर मी टायरमधली हवा काढीन! ऐकू येतंय का तुला?"

पलीकडे एक ट्रक गेला. दुसरा गेला. आणि तिच्या पाठीमागून, तिनं जिकडे बघायचं टाळलं होतं तिथून, कुरकुरणारा, चांगलाच चिडलेला, जुना आवाज आला:

"अगं, हळू! एवढं किंचाळायला मी काय बहिरा आहे? आणि आधी तो पंखा बंद कर बघू. मगापासून डोकं उठवलंय त्यानं."

ती वळली. बाबा कानांवर हात ठेवून बसले होते. त्यांच्या कानांपासून कुठलीच वायर निघत नव्हती. दोन्ही वायरी तिच्याच मुठीत होत्या. फोन घ्यायला उठली तेव्हापासून.